भात्यावरचा हात

पेटी वाजू लागण्याआधी एक आवाज होत असे. भात्यात पहिली हवा शिरतानाचा तो आवाज, शेजारी बसलेल्या कुणीतरी खोल श्वास घ्यावा तसा. माणिकगुरुजींची आठवण मला सुरांनी येत नाही, ती या आवाजाने येते. आणि त्याच्यामागोमाग येतो पेटीच्या पोटातल्या डांबरगोळीचा वास, अहमदपूरच्या त्यांच्या खोलीत तिसऱ्या प्रहरी तिरपा शिरणारा उजेड, आणि मोंढ्याकडून, धान्याच्या बाजारातून, उडत येऊन खिडकीच्या गजांवर बसलेली सोयाबीनची पिवळसर धूळ. त्यांच्या पत्नी, आमच्या काकू, ती धूळ रोज पुसत आणि ती रोज परत येऊन बसे.

आमच्या दारासमोरच त्यांचं घर. उभा जन्म त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळांत पोरांना प्रार्थना शिकवण्यात घालवला, आणि निवृत्त होऊन पुरतं वर्षही झालं नव्हतं तोच लकव्याने त्यांचा डावा हात नेला. वाचा शाबूत राहिली, पाय काठीच्या आधाराने चालू लागला, पण तो हात मात्र मांडीवर पडून राही, पाहुण्यासारखा, घरातल्या कशातच भाग न घेता. पेटीला तर दोन्ही हात लागतात; उजव्याने सूर आणि डाव्याने भाता. काकूंनी काही दिवस भाता मारून पाहिला, पण त्यांचा झपाटा चुलीला वारा घालण्याचा. "आगं, भाकरी भाजून राहिलीस का पेटी वाजवून राहिलीस?" असं गुरुजी म्हणाले आणि काकू फणकाऱ्याने उठल्या त्या पुन्हा पेटीजवळ बसल्या नाहीत.

मग ते काम माझ्याकडे आलं. मी नऊ वर्षांची होते, चिंचा पाडायला त्यांच्या अंगणात गेले होते, आणि त्यांनी खिडकीतून हाक मारली. त्यांच्या डाव्या बाजूला, जरा पुढे सरकून मी बसायची. डावा हात भात्यावर, आणि उजवा हात माझ्याच गुडघ्यावर. "मी वाजवतो ते तू तिथं धर," ते म्हणत. त्यांची बोटं काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर फिरत आणि माझी बोटं परकराच्या कापडावर त्यांच्या मागून धावत. दोन वर्षं आम्ही दोघं मिळून एक वाजवणारा होतो. ताना जवळ आल्या की त्यांचा खांदा किंचित वर होई, आणि तो वर होण्याआधीच माझा हात भाता भरून ठेवी; मान तुकवून ते जेव्हा एखाद्या स्वरावर थांबत, तेव्हा हवा इतकी हळू सोडावी लागे की मला स्वतःचा श्वासही धरून ठेवावासा वाटे. हे मला कुणी शिकवलं नाही, हाताने आपलं आपण शिकून घेतलं.

मी अकरा वर्षांची झाले तेव्हा शाळेच्या फळ्यावर सूचना लागली. लातूरला शाळकरी मुलांची पियानो-वादनाची स्पर्धा, वादन दोन्ही हातांनी. नांदेडच्या मामाने दिवाळीत मला एक कीबोर्ड आणून दिला होता, तेवढ्या भांडवलावर आईने अर्ज भरला. सगळ्यांत जास्त हरखले गुरुजी. पियानो त्यांनी चित्रातच पाहिलेला, पण त्याच दुपारी काठी टेकत ते आमच्या घरी आले, कीबोर्डसमोर बसले आणि शाळेच्या प्रार्थनेला त्यांनी स्वतः बांधलेली चाल वाजवून म्हणाले, "ही वाजवायची. उजव्या हातानं चाल, डाव्यानं खाली षड्ज-पंचम. लातूरकर बघत ऱ्हातील."

उजवा हात तयारच होता. डावा काही ऐकेना. त्याला बोटं आहेत हेच जणू त्याला ठाऊक नव्हतं. षड्जावर ठेवला की दोन मात्रांत तो उचलला जाई आणि पुढे-मागे, पुढे-मागे झुलू लागे. गुरुजींनी चार दिवस ते पाहिलं. पाचव्या दिवशी मी नेहमीसारखी त्यांच्याकडे गेले तर पेटीला कुलूप, वरून काकूंच्या जुन्या लुगड्याचं झाकण.

"स्पर्धा होईस्तोवर बंद," ते म्हणाले. "एका हातानं दोन धंदे व्हत न्हाईत."

"मी उजव्या हाताने मारते ना भाता."

"न्हाई माय. भात्याला बसलीस की आख्खं अंग झुलतं तुझं. मी न्हाई वाजवलं तर काय बिघडतंय?"

मला खरंच वाटलं, काही बिघडत नसावं. अकराव्या वर्षी माणसं जे म्हणतात तेच त्यांच्या मनात असतं असं वाटतं. आता कळतं की त्या खोलीत त्यांच्याजवळ दुसरं काही उरलेलंच नव्हतं. थंडी पडली, तुरी पिवळ्या फुलल्या आणि शेंगांनी वाकल्या, गल्लीत दुपारचं ऊन हवंसं वाटू लागलं; आणि समोरच्या खिडकीतून मात्र काहीही ऐकू येईना. शेजारपाजाऱ्यांना आधी चुकल्याचुकल्यासारखं झालं, मग सवय झाली. काकू आईला सांगत की ते रोज दुपारी कुलूप हातात घेऊन पाहतात आणि ठेवून देतात. आईने ते तेव्हा मला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी कीबोर्ड गुंडाळून माळ्यावर टाकला असता, हे ती ओळखून होती.

संक्रांत उलटल्यावर आम्ही लातूरला गेलो; आई, मी आणि गुरुजी. त्यांनी इस्त्रीचं पांढरं धोतर नेसलं होतं आणि एसटीत खिडकीपाशी बसून ते सबंध वाटभर माझ्या डाव्या हाताला बजावत होते, माझ्याशी नव्हे, त्या हाताशीच बोलत होते. "खाली ऱ्हायचं. उठायचं न्हाई." हात आता तयार झाला होता. तीन महिन्यांत तो षड्ज-पंचमावर शहाण्यासारखा बसायला शिकला होता, आणि मला बक्षीस हवं होतं ते त्यांच्या हातात देण्यासाठी. तेवढं एक देऊन टाकलं की कुलूप निघणार होतं.

सभागृहात काळा चकचकीत पियानो होता. तो पाहून गुरुजींनी हात जोडले. माझं नाव पुकारलं गेलं, मी बसले, सुरुवात केली, आणि धृपद दोन्ही हातांनी अगदी घडी न मोडता पार पडलं. अंतऱ्याला वळताना मी समोर पाहिलं. पाहायला नको होतं. दुसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर गुरुजी डोळे मिटून बसले होते, मांडीवर तो निजलेला डावा हात होता, आणि त्याच्या पाठीवर त्यांच्या उजव्या हाताची बोटं माझ्याबरोबर चाल वाजवत होती. तान जवळ आली. त्यांचा खांदा किंचित वर झाला.

पुढचं मला आईने सांगितलं म्हणून माहीत आहे. माझा डावा हात पट्ट्यांवरून उठला आणि मोकळ्या हवेत पुढे-मागे, पुढे-मागे भाता मारू लागला. आधी पुढच्या रांगेतली मुलं हसली, मग मागची. मी फक्त गुरुजींकडे पाहत होते. त्यांच्या बोटांना हवा कमी पडू नये एवढंच माझ्या जिवाला लागलं होतं, आणि उजव्या हाताने मी चाल शेवटपर्यंत वाजवली, त्यांच्या मागून, गुडघ्यावर वाजवायचे तशी. थांबल्यावर हसू ऐकू आलं. परीक्षक बाई मायेनेच म्हणाल्या, "बाळा, दोन्ही हातांनी वाजवायचं होतं ना?" तेव्हा कुठे मी माझ्या हाताकडे पाहिलं, आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सहभागाचं प्रमाणपत्र घेऊन आम्ही परतीच्या एसटीत बसलो. मी ढसाढसा रडत होते. त्यांचे तीन महिने मी मातीत घातले होते. बाहेर ऊन उतरत होतं, तुरीच्या कापलेल्या रानांवर लालसर उजेड पसरला होता. गुरुजींनी आपला चांगला हात माझ्या डाव्या हातावर ठेवला.

"रडती कामून? तीन महिन्यांनी आज वाजवलं मी. हवा लई बेस दिलीस." मग खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "उद्या कुलूप काढू."

उद्या कुलूप निघालं नाही. प्रवासाने ते थकले होते, काकू म्हणाल्या दोन दिवस जाऊ द्या. आणि तिसऱ्या पहाटे त्यांना दुसरा झटका आला. नांदेडला नेईपर्यंतही ते थांबले नाहीत. दिवसकार्य झाल्यावर काकूंनी पेटी कुलपासकट आमच्या घरी आणून ठेवली.

मी आता नांदेडला राहते, नोकरी करते, ती पेटी माझ्याकडे आहे. त्यांचे अखेरचे तीन महिने मी मुके केले, हे मला विसरता येत नाही. आणि लोक ज्याला हसले ते त्यांचं शेवटचं वाजवणं होतं, हेही. थंडीतल्या एखाद्या दुपारी उजेड तिरपा झाला की मी पेटी उघडते, तिच्या डाव्या बाजूला जरा पुढे सरकून बसते, आणि वाजवणाऱ्याची जागा मोकळी ठेवते. पट्ट्यांवर बोट नसल्यामुळे सूर उमटत नाही. खोलीत फक्त तो पहिला आवाज होतो, खोल श्वासाचा, आणि गेलेल्या वर्षांपलीकडे कुठेतरी एक खांदा किंचित वर होत असेल, या भरवशावर माझा डावा हात अजून भाता भरून ठेवतो.