सारख्या मुठी

कल्पना करा, टेबलावर रंगीत गोळ्यांच्या दोन मोठ्या बरण्या आहेत. एकीतून तुम्ही चिमूटभर गोळ्या काढल्या, दुसरीतून ओंजळभर. ओंजळीत जास्त रंग निघाले, म्हणून दुसऱ्या बरणीतच रंग जास्त, असं म्हणाल का? नाही म्हणणार. हॉस्पिटलचे मोठे डॉक्टर मात्र तेच म्हणत होते, तेही छाती फुगवून.

“मास्क काढ बघू,” ते समोरच्या मुलीला म्हणाले. “उद्या स्टेजवर फोटो निघतील. आज तालीम.”

मुलीने मास्क काढून खिशात ठेवला. आजारपणात तिच्या हाडांतली मज्जा बदलावी लागली होती, आणि तेव्हापासून जंतूंच्या भीतीने शाळा, गर्दी सगळं बंद होतं. रक्तातल्या रक्षक पेशींना प्रत्येकी वेगळी पकड असते. जी ज्या जंतूवर बसेल, त्यालाच ती धरते. पकडी जितक्या तऱ्हेच्या, तितका माणूस सुरक्षित. डॉक्टरांच्या नव्या औषधाने त्या तऱ्हा वाढल्या, असं उद्या जाहीर व्हायचं होतं, आणि पुरावा म्हणून ही मुलगी भरल्या सभागृहात उघड्या तोंडाने उभी राहायची होती.

रक्ताचे आकडे तपासणारी तिची आत्या दाराशी उभी होती. औषधाआधीच्या रक्तातल्या थोड्याच पेशी यंत्राने वाचल्या होत्या, नंतरच्या कितीतरी पट जास्त. म्हणून तिने दोन्हीकडून सारख्याच पेशी, डोळे मिटून चिठ्ठ्या उचलाव्यात तशा उचलून, पुन्हा पुन्हा ताडून पाहिल्या. तऱ्हांची वाढ कुठेच दिसेना. तसं तिने डॉक्टरांना परत एकदा सांगितलं.

डॉक्टर भिंतीवरच्या स्वतःच्या सत्काराच्या फोटोची काच रुमालाने पुसत होते. मागे वळायचीही तसदी त्यांनी घेतली नाही.

“मॅडम, तुम्ही यंत्र सांभाळा. अर्थ लावायला आम्ही बसलोय.”

“आधी मुठी सारख्या घ्या. मग लावा.”

“हे काय किराणा दुकान आहे?”

“दुकानदार बरा,” आत्या म्हणाली. “तो निदान एकाच मापाने मोजतो.”

उथळ पाणी खळखळलं. आपली कीर्ती, उद्याचे पाहुणे, आत्याची अक्कल, सगळ्यांचा पाढा वाचून झाल्यावर डॉक्टर मुलीकडे वळले.

“तुला शाळेत जायचंय ना गं?”

मुलीने पटकन मान हलवली. तिच्या बाकावर आता दुसरंच कुणी बसत होतं.

“मग सांग तुझ्या आत्याला, रडगाणं पुरे म्हणावं.”

मुलीने आत्याकडे पाहिलं.

“जायचंच आहे तुला,” आत्या हळू म्हणाली. “पण अजून नाही, बाळा.”

डॉक्टर तुच्छतेने हसले आणि हसता हसता खोकले. रुमाल हातातच होता, तो तोंडापर्यंत गेला नाही.

मुलगी दोन पावलं मागे सरली. तिने खिशातून आपला मास्क काढून दोन्ही कानांमागे नीट अडकवला. मग दुसऱ्या खिशातून घडी न मोडलेला एक मास्क काढला आणि हात लांब करून डॉक्टरांपुढे धरला.