बादली की नळी

“शेवटचा रकाना कुठंय, प्रेमलाताई?” नीरजानं संगणकावरची नजर न काढता विचारलं.

“कुठला?”

“पाणी बादलीनं काढलं की इंजिनाच्या नळीतून, तो. जहाजांच्या वह्यांत असतो ना, एका अक्षराचा?”

तो रकाना प्रेमलानं कधी भरलाच नव्हता.

खलाशांनी टिपलेली समुद्राच्या पाण्याची तापमानं हवामान कार्यालयात सव्वीस वर्षं तिनं संगणकात उतरवली होती. येरवड्याहून दोन बस बदलून यायची आणि अक्षर लागेना तिथे भिंग घेऊन बसायची. एक की सात याचा निकाल लागेपर्यंत डबा उघडायची नाही. कामात हात आखडता घेणारी बाई नव्हे ती. पहिल्याच आठवड्यात तिनं त्या अक्षराचं विचारलं, तेव्हा विभागाचे प्रमुख श्रीनिवाससाहेब म्हणाले होते, “बाई, आपल्याला तापमान हवंय. भांडी घासायची नाहीयेत.” सगळी खोली हसली. साहेबांना दुसऱ्यांदा विचारायचं नाही, हा तिथला अलिखित नियम. तिनं तो निमूट पाळला.

“इंजिनाजवळचं पाणी अर्धा अंश तरी जास्त भरतं, ताई,” नीरजा म्हणाली. “समुद्र तापलाय तोही जवळपास तेवढाच. मग खरा किती तापला आणि नळीनं किती तापवला, कसं सांगायचं?”

“वह्यांवरून पुन्हा भरते. निवृत्तीला चार महिने आहेत अजून.”

“वह्या आहेत कुठे?”

वह्या रद्दीत गेल्या होत्या, जुनी इमारत सोडताना. टेम्पोत गठ्ठे मोजून देणारी प्रेमलाच. ‘सर्व माहिती संगणकात उतरवली आहे’ या ओळीखाली सहीही तिचीच.

सगळंच मुसळ केरात. तिला रडू आलं नाही, स्वतःची भयंकर चीड आली. एक बटण जास्त दाबायचं होतं फक्त, आणि एका टोमण्याला भिऊन ते जन्मभर दाबलं नाही. ‘साहेबांनीच सांगितलं होतं,’ असं ओठांवर आलं. पण साहेबांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. तिनं ते गिळलं.

“मग आता?”

“हे सगळंच वगळावं लागेल.” नीरजाचा आवाज उतरला. “मी करते, ताई. मिनिटाचं काम आहे.”

“नको. मी भरलंय, मीच काढते. एकेक वर्ष करून.”

नीरजानं उठून खुर्ची दिली. प्रेमला एकेका वर्षाची फाईल उघडायची, जहाजांची नावं वरपासून खालपर्यंत वाचायची आणि मग पुसायची. तीनला बसली, पाचला उठली. कार्यालय सुटायला अर्धा तास होता. तेवढ्या वेळासाठी तिला कोणी काही काम दिलं नाही.