बोल्टाखालचा हिरवा रंग

मी ट्रक बोलतोय. सुकापूरला भंगारवाल्याच्या आवारात, चार विटांवर टेकून उभा आहे, तो मी. माझी चाकं नेली, काचा नेल्या, बॅटरीही नेली. अंगावरचा हिरवा रंग मात्र अजून कुठे कुठे दिसतो. त्या रंगाचीच गोष्ट मला सांगायची आहे.

सत्त्याऐंशी साली मी कारखान्यातून बाहेर पडलो. तेव्हा माझी मोठी नवलाई होती. जुन्या धुडांसारखा मी अवजड नव्हतो. किल्ली फिरवली की एका दमात सुरू होत असे. उरणच्या कमळाकर नाखव्याने मला घेतलं. नाखवा म्हणजे होडीचा मालक. वडिलांची होडी विकून त्याने मला आणलं, तरी लोक त्याला नाखवाच म्हणत राहिले, आणि तो मला होडीच समजत राहिला.

नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यात होड्या रंगवून पूजतात. त्याच मुहूर्तावर नाखवा मला रंगवायचा. मासळीच्या पेट्यांतून खारं पाणी गळतं आणि लोखंड खातं, म्हणून तो पाठीवर झोपून माझं पोटही रंगवायचा. बोटभर जागा उघडी ठेवत नसे. त्याची बायको शांती हसून म्हणायची, "माझेकडं कदी एवढं निरखून बगितलं नाय."

मला चालवणारा काळूराम करंजाड्याचा. सात वर्षं माझं स्टिअरिंग त्याच्याच हातात होतं. माझा आवाज जरा बदलला की त्याला कळायचं. बंदरावरून मासळी भरून आम्ही उजाडताना पनवेलच्या बाजारात पोचायचो. वाटेत तो माझ्याशी बोलायचा. बोलणं सगळं मालूचं. मालू त्याची एकुलती एक लेक. शिरढोणच्या चांगल्या घरी तिचं जमलं होतं, साखरपुडा झाला होता आणि तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त धरला होता. वरात तुझ्यातूनच न्यायची, असं त्याने मला बजावून ठेवलं होतं.

चौऱ्याण्णवच्या पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या, म्हणून मीही दोन महिने जागेवरच होतो. तेवढ्यात माझी जुनी बॅटरी मेली. नारळी पौर्णिमेच्या आधी नवी आणायला नाखव्याने काळूरामला पनवेलला पाठवलं. जुनी तिथेच दुकानात द्यायची होती.

बॅटरी निघाली तशी तिच्या खालची, एरवी ब्रश न पोचणारी जागा मोकळी झाली. नाखव्याला आनंद झाला. तिथे माझ्या सांगाड्याला एक जाड पट्टी बोल्टाने आवळलेली असते. बॅटरीतून निघालेली वीज दिव्यांना, हॉर्नला, सेल्फला जाते आणि माझ्या लोखंडातून, त्या पट्टीच्या वाटेने बॅटरीत परत येते. पट्टी लोखंडाला थेट टेकलेली हवी. नाखव्याने बोल्ट काढला, पट्टी बाजूला केली आणि होडीच्या तळाला देतात तसे रंगाचे चार हात दिले.

रंग खडखडीत वाळल्यावर काळूरामने नवी बॅटरी बसवली. मी सगळीकडून हिरवाच होतो, त्या एका जागी त्याला काय वेगळं वाटणार? पट्टी रंगावर ठेवून त्याने बोल्ट कचकचून आवळला. नाखव्याने नारळ फोडला.

पंधरा दिवसांत माझी तब्येत बिघडली. हॉर्न वाजवला की दिवे मंद व्हायचे. डावीकडचा सिग्नल दिला की सगळे दिवे लुकलुकायचे. कधी किल्ली फिरवली की सुरू व्हायचो, कधी नुसतं 'टक्' करायचो. माझ्याजवळ तेवढा एकच शब्द होता. मी तो पुन्हा पुन्हा म्हणत होतो, पण कुणाला कळत नव्हता.

पनवेलचा कृष्णकांत इलेक्ट्रिशियन हुशार. त्याने फ्यूज पाहिले, सेल्फ उघडून साफ केला, वायरी चाचपल्या. शेवटी बॅटरी तपासली तर ती रिकामी. परतीची वाटच बंद, ती भरणार कशी? पण हे मला ठाऊक होतं, त्याला नाही. तो एवढंच बोलून गेला, की नवी बॅटरी महिनाभरात अशी बसत नाही.

नाखव्याच्या डोक्यात ते वाक्य रुतलं. दुसऱ्या दिवशी पनवेलच्या मासळीबाजारात, भरल्या गर्दीत, त्याने काळूरामला गाठलं.

"नवी बॅटरी कुठं इकलीस? माझे गाडीत जुनीच घातलीस ना?"

काळूरामला आधी ती थट्टा वाटली. मग त्याचा चेहरा उतरला. "नाखवा, मला एक दिस द्या. गाडीखाली शिरून समदं बघतो. दोष कुठंतरी दुसरीकडंच हाय."

"गाडीला हात लावू नको. पोरीचं लगीन काढलंस, तवा माझे घरातच हात मारलास."

शेजारी शिरढोणची दोन माणसं बर्फ फोडत होती. त्यांचे हात थांबले. काळूरामने ते पाहिलं. त्याने माझी किल्ली खिशातून काढली, बॉनेटवर ठेवली आणि चालता झाला. मी त्याला जाताना बघत राहिलो. हॉर्न देण्याइतकीही ताकद माझ्यात नव्हती.

नवा ड्रायव्हर आला. बंदरावर रोज चार माणसं मला ढकलायची, तेव्हा मी सुरू व्हायचो. काळूरामला मात्र पनवेलमध्ये कुणी गाडी दिली नाही. दिवाळीच्या सुमाराला बर्फवाल्यांच्या बोलण्यातून मला कळलं, की शिरढोणहून निरोप गेला. चोराची पोर आम्हाला नको.

तुळशीच्या लग्नानंतर आठवड्याने मी बाजाराच्या तोंडाशीच बंद पडलो, तेव्हा नाखवाही बरोबर होता. कृष्णकांत आला. त्याने शेजारच्या चालू ट्रकची बॅटरी काढून मला लावली. मी 'टक्' केलं. तो उकिडवा बसून बराच वेळ विचार करत राहिला. मग एक जाड वायर बॅटरीपासून थेट इंजिनाला टेकवली आणि किल्ली फिरवायला सांगितलं. मी एका दमात सुरू झालो.

तो माझ्याखाली शिरला. बोल्ट काढला, पट्टी सरकवली आणि चाकूने खरवडू लागला. हिरवा पापुद्रा निघाला, त्याखाली पुन्हा हिरवा, मग चकाकणारं लोखंड.

"गाडी आहे शेठ, होडी नाही," तो खालूनच म्हणाला. "एवढी जागा उघडी ठेवायची असते. तुमची बॅटरी नवीच होती."

नाखवा ड्रायव्हरकडून किल्ली घेऊन आला. माझ्यात बसला आणि मला सरळ करंजाड्याला घेऊन गेला.

काळूराम अंगणात होता. वीटभट्टीवरून आलेला, अंगभर लाल धूळ. नाखव्याने हात जोडून सगळं सांगितलं. काळूराम उठला, माझ्याखाली आला आणि त्या खरवडलेल्या जागेवर बोट फिरवलं. किती महिन्यांनी त्याचा हात मला लागला होता.

नाखवा म्हणाला, "मी आताच शिरढोणला जातो. त्यांचे पाया पडतो."

काळूरामची बायको गंगाबाई दारात उभी होती. ती म्हणाली, "त्या पोराचं लगीन परवा लागलं. धरलेल्या मुहूर्तावरच, दुसऱ्या पोरीसंगं. वाजंत्री आमचेच गावचे व्हते."

घरातून मालू आली. दारी आलेल्या माणसाला पाणी द्यायचं म्हणून तिने तांब्या पायरीवर ठेवला आणि मान वर न करता आत गेली.

"मी एक दिसच मागितला व्हता, नाखवा," काळूराम म्हणाला, आणि तोही आत गेला.

नाखवा उभा राहिला. तांब्याला त्याने हात लावला नाही.

पुढे त्याने बाजारात चारचौघांत आपली चूक सांगितली. लोकांनी ऐकलं आणि पुन्हा बर्फ फोडायला लागले. काळूराम परत कधी स्टिअरिंगवर बसला नाही. नाखव्याने मला पुन्हा कधी रंग दिला नाही. दर नारळी पौर्णिमेला शांती आठवण करून द्यायची, तो उठून बाहेर जायचा. चार वर्षांत खाऱ्या पाण्याने मला पोखरलं आणि मी इथे आलो.

उद्या-परवा मला कापतील. त्याचं दुःख नाही. एवढंच सांगणं आहे, की घरातलं काही बिघडलं, तर माणसावर बोट ठेवण्याआधी एकदा खाली वाकून बघा. रंग तुम्हीच दिलेला असेल. आणि कुणी एक दिवस मागितला, तर तो द्या.

ती खरवडलेली जागा अजून माझ्या अंगावर आहे. आता तिच्यावर गंज चढला आहे.