डावी बाही

"ही चौथी शिलाई, अप्पा." लेकीने इस्त्री बाजूला ठेवली आणि बापाची पँट उलटी करून त्यांच्या नाकासमोर धरली. "आधीच्या तिन्हींच्या खुणा आहेत आत. कधीपासून कंबर आत घेताय?"

"कापड ढिलं पडतं," मास्तर म्हणाले.

"कापड की तुम्ही?"

मास्तरांनी तोंडात चार टाचण्या धरल्या. नको त्या प्रश्नाला त्यांचं हे ठरलेलं उत्तर होतं. तोंडात टाचण्या असलेल्या माणसाला कोण बोलायला लावणार?

अख्ख्या बाजारात त्यांच्या तोडीचा शिंपी नव्हता, आणि हे त्यांना जरा जास्तच ठाऊक होतं. गिऱ्हाईक दारातून आत येईपर्यंत ते नजरेनेच त्याचं माप घेत. लेक सामान आणायला गेली की मात्र हेच गृहस्थ गुपचूप स्वतःची पँट उसवत, अर्धा इंच आत घेत आणि पुन्हा अशी चोख बसवत, की माणूस अर्धा झाला तरी बाहेर कुणाला पत्ता लागू नये. शेजारच्या मशीनवर रोज दहा तास बसणाऱ्या लेकीलाही लागला नाही. तिला त्याचाच जास्त संताप आला.

मग तिने पाळत ठेवली. दुपारचं जेवण झालं की मास्तर मागच्या मोरीत जात आणि नळ जोरात सोडत. नळाच्या आवाजाआड ते ओकत होते.

आठ दिवस तिने डोकं फोडलं. समजावलं, भांडली, अबोला धरला, दोनदा डॉक्टरांकडे नंबर लावून आली. मास्तरांचा नन्नाचा पाढा संपेना.

"अगं, आजारी माणसाचा हात चालतो का असा? माझी कात्री बघ. ज्या दिवशी माझं कापणं चुकेल, त्या दिवशी तू म्हणशील तिथे येतो. शब्द आहे माझा."

ते हसत हसत बोलून गेले. तिने ते मनात धरून ठेवलं.

वकीलसाहेबांचा काळा कोट कच्च्या टाक्यांवर ट्रायलला तयार होता. दुपारी मास्तर कापडाच्या गठ्ठ्याला टेकून झोपले. हल्ली झोपायचे. लेकीने कोटाची डावी बाही मनगटापाशी उसवली, दीड इंच कापड कापून काढलं आणि कड पुन्हा दुमडून तसाच टाका घातला. टाका त्यांनीच शिकवलेला. "हिचा नि माझा टाका शेजारी ठेवला तर मलाच ओळखू येत नाही," असं ते गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगत. कापलेली पट्टी तिने पर्समध्ये टाकली.

संध्याकाळी इस्त्री करताना त्यांना ते दिसेल, दोघांतच बोलणं होईल, एवढाच तिचा बेत होता. पण वकीलसाहेब तासभर आधीच आले, आणि एकटे आले नाहीत.

"मास्तर, माझा डावा हात लांब झालाय का हो?" आरशासमोर त्यांनी दोन्ही हात पुढे केले. बरोबरचे दोघे खो खो हसले.

मास्तरांनी टेप लावली. मापाची वही काढली. पुन्हा टेप लावली. तिसऱ्यांदा लावली तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

"चूक झाली, साहेब." चाळीस वर्षांत हे वाक्य त्या दुकानात कुणी ऐकलं नव्हतं.

"चालायचंच. वय झालं आता. पोरीला बसू द्या पुढे," वकीलसाहेब अगदी मायेने म्हणाले.

त्याच वेळी लेकीला बोलता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. ती खाली मान घालून बटणं डब्यात भरत राहिली.

गिऱ्हाईक गेल्यावर मास्तरांनी कात्री फळीवर ठेवली. "चल. कुठे न्यायचंय ते ने."

तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी लेकीला एकटीला आत बोलावलं. "पोटातली गाठ आहे, सगळीकडे पसरलीय. चार महिने आधी यायला हवं होतं. आता घरीच ठेवा, जे आवडेल ते खाऊ घाला." आवडेल ते खाल्लं तरी पोटात ठरत नव्हतं, हे त्यांना कुणी सांगायचं? बापाचं नाक कापून तिने मिळवलं ते एवढंच.

मास्तरांनी पुन्हा कात्रीला हात लावला नाही. दुकानामागच्या खोलीत पडल्या पडल्या ते मशीनचा आवाज ऐकत. अंगात काही उरलं नव्हतं, पण काठोकाठ भरलेला पेला ते एक थेंब न सांडता तोंडाला लावत. ते बघून तिचा जीव तुटायचा. शेवटी एका सकाळी तिला राहवलं नाही.

"अप्पा, ती बाही मी कापली होती. तुम्ही झोपला होता तेव्हा."

 मास्तर हसले, खोकला येईपर्यंत हसले. "वेडी. टाका माझाच होता. मला माझा टाका ओळखू येत नाही होय?"

तिने पर्समधली पट्टी त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती बोटांत चोळून बघितली.

"काळी कातरणं दुकानात पोतंभर आहेत. बापाला बरं वाटावं म्हणून किती करशील?" त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. त्यापेक्षा त्यांनी थोबाडीत मारली असती तर तिला सोसवलं असतं.

"कात्री आण," ते म्हणाले.

तिला वाटलं, कापायला मागताहेत. ती धावतच घेऊन आली. मास्तरांनी कात्रीच्या कडीवरची जुनी, घामाने काळी पडलेली चिंधी उलगडायला घेतली. चाळीस वर्षं ती त्यांच्या अंगठ्याच्या मापाने गुंडाळलेली होती. ती सोडून त्यांनी खाली टाकली आणि उशीखालची टेप काढली.

"अंगठा दे तुझा."

तिने दिला. त्यांनी माप घेतलं. मग पुन्हा घेतलं आणि पुन्हा एकदा घेतलं, कारण आता त्यांचा स्वतःवर भरवसा नव्हता. मग तिने दिलेल्या त्या काळ्या पट्टीचा पहिला वेढा त्यांनी कडीवर घातला. हात जरासुद्धा हलत नव्हता.