चार पाय आणि सुबराव जॉबर

“मामा, हितनं हलू नका बघा. सही करून येऊ द्या मला,” असं म्हणून पूर्णिमा रांगेकडे पळाली आणि सुबराव त्या यंत्राशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत राखण करत बसले.

बेळगावातल्या त्या सभागृहात कॉलेजच्या पोरांनी बनवलेले वीस रोबोट मांडले होते. एकोणीस चाकांवर होते. विसावा पूर्णिमाचा, तो चार पायांवर. येणारी-जाणारी पोरं थांबून त्याचे फोटो काढत होती. एकाने विचारलंही, “अंकल, ये चलेगा?”

“चलेगा नहीं तो क्या!” सुबराव म्हणाले आणि उगाचच ताठ बसले.

सुबराव बेळगावजवळच्या मच्छे गावातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये मदतनीस होते. लेथखालचा चुरा झाडायचा, यंत्रांना तेल द्यायचं, हत्यारं देऊन रजिस्टरात सही घ्यायची, एवढंच काम. त्याआधी तीस वर्षं ते बेळगावच्या वडगावात यंत्रमाग दुरुस्त करणारे जॉबर होते. कुठे माग अडला की बोलावणं यायचं. नुसत्या आवाजावरून मागाचं दुखणं सांगणारा माणूस म्हणून शहापूरपर्यंत त्यांचं नाव होतं. पुढे माग भंगारात गेले आणि नावही त्यांच्याबरोबर गेलं. कॉलेजात ते नुसते मामा. बारा वर्षांत किल्ली कुठे आहे याखेरीज त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

विचारलं ते पूर्णिमाने. खानापूरकडच्या खेड्यातून रोज बसने येणारी, शेवटच्या वर्षाची पोरगी. स्पर्धेचा नियम असा होता की रोबोटने वाळूचा पट्टा आणि तीन पायऱ्या ओलांडायच्या. चाकांऐवजी पायांनी ओलांडल्या तर गुण दुप्पट. प्रोजेक्ट बघणारे विक्रम सर म्हणाले, चाकं लावा, खात्रीचं काम. तिचा जोडीदार साईराज, बेळगावातल्याच अनगोळचा, तोही चाकंच म्हणाला. नुसता म्हणाला नाही, चार चाकं आणून पिशवीत ठेवून मोकळा झाला. पूर्णिमा पायांवर अडून बसली. पहिल्या तीन नंबरांना पुण्याच्या एका कंपनीत सहा महिने काम शिकायला मिळणार होतं, आणि चाकांच्या गर्दीत आपला नंबर लागत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं.

पण पाय काही उचलेनात. महिनाभर तो रोबोट टेबलावर नुसता थरथरत उभा होता. एका दुपारी सुबरावांनी झाडू भिंतीला टेकवला आणि भीतभीत म्हणाले, “बाई, मोटर गोल फिरती आन् पाय मागंपुढं व्हायला पायजे, व्हय न्हवं? मागात धागा ठोकणारी फणी अशीच मागंपुढं हुती. तसला वाकडा दांडा, क्रँक, लाव की.”

पूर्णिमाने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे ओढली. त्या दिवसापासून तिचं पान मामांवाचून हलेना. “मामा, हितं भोक किती घ्यायचं?” “मामा, ही पट्टी टिकंल काय?” घरी जेवताना सुबराव पट्ट्यांच्या आणि स्क्रूंच्या गोष्टी सांगू लागले. सोनाबाई म्हणाली, “म्हातारपणी इंजिनेर झालासा म्हणायचं!” बायकोने चेष्टाच केली होती, पण ती त्यांना फार गोड लागली.

आता खुर्चीत बसल्या बसल्या त्यांची नजर यंत्राच्या पोटाखाली गेली. आडव्या दांड्याच्या दोन टोकांना दोन क्रँक, दोन्ही बाजूंचे पाय हलवणाऱ्या. उजवी वर होती आणि डावी खाली. सुबराव चपापले. मागावर या दोन क्रँक एका पातळीत नसल्या तर फणी तिरकी आपटते आणि सगळं कापड वाया जातं. जॉबरकीला लागलेला पोरगा पहिल्या दिवशी हेच शिकतो. टेम्पोत धक्के बसून सरकली असणार! तेवढ्यात पोरीचा नंबर पुकारला तर?

त्यांनी खिशातली ॲलन की काढली, डावीचा स्क्रू सैल केला, उजवीच्या बरोबरीला आणली, बोट फिरवून पातळी पाहिली आणि स्क्रू कचकून आवळला. मिनिटभराचं काम. रोबोटचे पाय त्यांनी एकेक करून शिकंज्यात धरून घडवले होते. तो चालताना मात्र एकदाच पाहिला होता, तोही पोरांच्या घोळक्यामागून. एक बाजू वर असताना दुसरी खाली राहते म्हणूनच तो चालतो, हे त्यांच्या मनातही आलं नाही. तीस वर्षांची सवय, ती डोक्याला विचारत बसत नाही.

पोरीचं काम वाचवलं, असं वाटून त्यांना फार बरं वाटलं.

नंबर पुकारला. पूर्णिमाने यंत्र रेघेवर ठेवून बटण दाबलं. चारही पाय एकदमच वर गेले आणि रोबोटचं पोट दाणकन फरशीवर आपटलं. तो पुन्हा उठला, पुन्हा आपटला. सभागृह हसायला लागलं. तिसऱ्या वेळी पुढच्या पायाची पट्टी मोडून बाजूला उडाली आणि पंचाने शिट्टी दिली.

बाहेरच्या व्हरांड्यात विक्रम सर म्हणाले, “मी सांगत होतो, चाकं लाव. ऐकलं नाहीस.”

पूर्णिमा खाली बसून यंत्र उलटं करून बघत होती. दांड्यावर आणि क्रँकवर तिने पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढून ठेवली होती. डाव्या बाजूला ती रेघ जुळत नव्हती.

“सर, ही कुणीतरी फिरवलीया.” तिने मान वर केली आणि साईराजकडे पाहिलं. त्याच्या हातात चाकांची पिशवी होती.

“माझ्याकडं काय बघूलीस गं?”

“तुला चाकंच पायजे हुती न्हवं?”

“आईशपथ, मी न्हाय!” साईराजचा आवाज चिरकला. “सर, सांगा की हिला!” सर त्याच्या हातातल्या पिशवीकडे बघत राहिले.

सुबराव गप्प बसले असते तर कुणाला पत्ता लागला नसता. त्यांच्याकडे कुणी बघतही नव्हतं; असल्या वेळी मामांकडे कोण बघतो? पण त्या पोराचा चेहरा त्यांना बघवेना.

“त्येनं न्हाय, बाई,” ते म्हणाले. “म्या फिरवली. मागावर दोन्ही सारख्या लागत्यात… सरकली वाटली मला.”

“तुम्हाला हात लावायला कुणी सांगितलं होतं, मामा?” सर ओरडले.

पूर्णिमाने यंत्र सरळ करून ठेवलं. ती चिडली असती, चार शब्द बोलली असती, तर सुबरावांना सोसलं असतं. तिने डोळे पुसले, “चुकलं रं माझं” असं साईराजला म्हणाली आणि त्याच्या हातातून पिशवी घेतली. दुसरी फेरी तासाभराने होती आणि मोडलेली पट्टी तेवढ्यात नवी होणार नव्हती.

“मामा, नुसतं धरा,” ती म्हणाली.

सुबरावांनी यंत्र दोन्ही हातांनी उचलून धरलं. पूर्णिमा आणि साईराजने खालून पाय काढले आणि चाकं बसवली. मग रोबोट वाळूतून झकास गेला आणि पहिल्याच पायरीशी अडला. चाकं जागच्या जागी फिरत राहिली. नंबर अकरावा आला.

पुढच्या आठवड्यात पूर्णिमा वर्कशॉपमध्ये आली. वर्षाअखेरच्या प्रोजेक्टला रोबोट पुन्हा पायांवर उभा करायचा होता. मोडलेल्या पट्टीचं चित्र तिने कागदावर काढून आणलं होतं, एकूण एक माप लिहून. इतक्या महिन्यांत तिने सुबरावांना कधी कागद दिला नव्हता. सगळं तोंडी ठरायचं.

“मामा, ह्याच्यापरमाणं एक करून द्या. आपल्या मनानं काय बदलू नका हं.” हे ती हळू, चांगल्या मनाने बोलली. सुबरावांना ते फार लागलं.

त्यांनी कागद उजेडात धरला. भोक पट्टीच्या काठाला फार लागून दाखवलं होतं. ते चार मिलीमीटर तरी आत हवं; नाहीतर पट्टी तिथूनच तडकणार. मागच्या महिन्यात ते सहज म्हणाले असते, “बाई, हे चुकलं.” आता शब्द तोंडापर्यंत आले आणि तिथेच राहिले.

“करतो,” ते म्हणाले.

दुपारी त्यांनी दोन पट्ट्या केल्या. एक कागदाप्रमाणे, एक आपल्या मनाप्रमाणे. संध्याकाळी पूर्णिमा आली तेव्हा पहिली तिच्या हातात दिली. तिने भोकाचं अंतर मोजलं, कागदाशी ताडून पाहिलं आणि बऱ्याच दिवसांनी त्यांच्याकडे बघून हसली.

“बरोब्बर हाय, मामा.”

“व्हय,” सुबराव म्हणाले आणि सहीसाठी रजिस्टर पुढे केलं.

ती पट्टी घेऊन गेली. त्यांनी वर्कशॉपला कुलूप लावलं. दुसरी पट्टी त्यांच्या खिशात होती. बस येईपर्यंत ते थांब्यावर त्या पट्टीच्या भोकावरून बोट फिरवत उभे राहिले.