मुंग्यांचा खडू

आमची एकुलती पोर रक्षिता डेंग्यूनं गेली. मागं राहिलं तिनं पाळलेलं आयसोपॉड, म्हंजे हात लावला की गोळी होणारं, वाळली पानं खाणारं किडं. पांढरं, नारिंगी आन् पट्ट्याचं, असं तीन डबं. बायको रत्नव्वा रोज त्यात पाणी फवारायची.

डब्यात मुंग्या शिरताना बघून मी शहाण्यानं आतनं मुंग्यांचा खडू फिरवला. सकाळी एकबी किडा हलंना.

तरी रत्नव्वा पाणी फवारतच बसली. माझं डोस्कं फिरलं. "अगं, मेलं की समदं! कुणाला पाजतीस?"

"ठाव हाय मला," ती म्हणाली. "पण पट्ट्याच्यास्नी पिल्लं हुईपत्तर पाणी चुकवू नको, असं पोरगी दवाखान्यातनं सांगून गेलीया."