स्वस्तातला वाटाड्या

मी एक स्वस्तातला वाटाड्या बोलतोय. मुठीत मावणारं जीपीएस यंत्र म्हणा हवं तर. उपग्रहांना विचारून तुम्ही नेमके कुठे उभे आहात ते सांगणं, हे माझं काम. काम सोपं आहे, माणसं अवघड आहेत.

दुकानातल्या काचेच्या कपाटात माझ्या शेजारी रंगीत नकाशांचे, बोट लावताच उजळणारे माझे श्रीमंत भाऊबंद होते. माझा पडदा करडा, अंगावर पाच बटणं. दीड वर्ष माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मग एका शनिवारी बाई आल्या.

बाई पुस्तकबांधणीचं काम करतात आणि सुट्टी मिळाली की डोंगरात जातात. आदल्या वर्षी त्या वाट चुकल्या होत्या, त्यात मोबाइलही बंद पडला होता. तेव्हा धाकट्या बहिणीने निक्षून सांगितलं, की यंत्र घेतल्याशिवाय डोंगराचं नाव काढायचं नाही.

पण घेतील तर शपथ! चार शनिवार त्यांनी दुकानदाराचं डोकं खाल्लं. एकदा मला आणि एका महागड्याला दोन तळहातांवर ठेवून वजन जोखलं. एकदा घरून लोकरीचे हातमोजे आणले आणि ते घालून सगळी बटणं दाबून पाहिली. पाऊस चालेल का, असं विचारून मला नळाखाली धरायला लावलं. शेवटी पसंत केलं ते मलाच, कारण माझे पेन्सिल सेल कुठल्याही वाण्याकडे मिळतात. "बहिणीच्या समाधानासाठी घेतेय," असंही वर दुकानदाराला ऐकवलं.

घरी आल्यावर माझ्या माहितीपुस्तिकेला त्यांनी झकास कापडी बांधणी केली, पाठीवर सोनेरी अक्षरं उमटवली आणि ती फडताळात ठेवून दिली. वाचली मात्र नाही. वाचली ती धाकटीने.

पहिल्या सहलीला दोघी मिळून निघाल्या. उपग्रह सापडायला मला दोन मिनिटं लागतात. तेवढ्यात बाईंनी मला थर्मामीटरसारखं झटकून घेतलं. धाकटीने निघायची जागा नोंदवली, आणि मी पावलागणिक एकेक ठिपका ठेवत वर गेलो.

परतताना धुकं उतरलं. हातभर अंतरावरचं दिसेना. माझा बाण उजवीकडे दाखवत होता आणि बाई तरातरा डावीकडे चालल्या होत्या. वीस वर्षं या डोंगरावर येतेय, यंत्राला काय कळतंय, असं त्यांचं म्हणणं. धाकटी तीनदा बोलली. मी तर बाण दाखवून दाखवून वैतागलो होतो. मला ओरडता येत नाही, हे माझं दुर्दैव.

तेव्हा धाकटी सरळ एका दगडावर बसली.

"ताई, मागच्या वर्षी मी पायथ्याशी नऊ तास उभी होते. वरून येणाऱ्या प्रत्येकाला तुझ्या कोटाचा रंग सांगत होते. आता मी इथून हलणार नाही."

बाई थांबल्या. नऊ तासांचं त्यांना कुणी कधी सांगितलंच नव्हतं. त्या मागे आल्या, बहिणीच्या हातातून मला घेतलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

"कुठला ठिपका आपला?" त्यांनी हळूच विचारलं.

धाकटीने दाखवला. आम्ही वळलो. थोडं चढून गेल्यावर धुकं क्षणभर फाटलं, तेव्हा बाई निघाल्या होत्या तो डावीकडचा उतार अर्ध्यातच खचून खाली गेलेला दिसला. दोघींनी एकमेकींचे हात घट्ट धरले. मी पुढचा ठिपका दाखवला.

त्याला आता तीन वर्षं झाली. माझ्या पडद्यावर ओरखडे आहेत. बाईंनी मला हौसेने कापडी खोळ शिवलीय, तिच्याखाली दोन बटणं दबून गेलीत. सांगणार कुणाला? वाचकहो, तुम्ही वाटाड्या कितीही स्वस्तातला घ्या, पण त्याला घरीच समजून घ्या, आणि निघायची जागा नोंदवल्याशिवाय पहिलं पाऊल टाकू नका. कुठून निघालात हेच मला माहीत नसेल, तर परत कुठे नेऊ?

परवा बांधणीच्या दुकानात एका गिऱ्हाइकाने मला दोन दिवसांसाठी उसनं मागितलं. बाई म्हणाल्या, "पुस्तकं हवी तेवढी न्या. हा मिळणार नाही."

आणि मला उचलून त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. तिथे उपग्रह दिसत नाहीत, हे त्यांना अजूनही कळलेलं नाही.